चौथी फेरी

फेर्लोच्या बाभळीखाली
डाकारहून आणलेला नकाशा चटईवर.
बाटल्यांची बुचं म्हणजे गायी,
हिरव्या टिकल्या म्हणजे गवत,
निळी वाटी: बोअरवेल.

तिसऱ्या फेरीत हमादीनं तेरा बुचं
गुपचूप वाटीशी सरकवली.
"रडीचा डाव!" दिकेल ओरडली, नि सगळे हसले,
तोही.

चौथ्या फेरीत टिकल्या संपल्या.
कुणी बोलेना.
हमादी एकेक बूच उलटं करत गेला,
प्रत्येकाला नावानं हाक मारत.
माझ्या यादीत नावं नव्हती,
नुसता आकडा.

"चला, नवा डाव," मी म्हटलं,
आणि मूठभर टिकल्या पसरल्या.

दिकेलनं एक उचलली,
जिभेवर ठेवून पाहिली.
"कागद," म्हणाली,
आणि पाण्याच्या पाळ्या ठरवायला
वाटी स्वतःकडे ओढली.