मुद्रितशोधन, रास्ता पेठ

भाष्याचा मराठी अनुवाद तिसऱ्या प्रुफाला आलाय.
माझं काम ऱ्हस्व-दीर्घाचं.
अर्थ मौलाना बघतात, पैसे छापखाना बघतो,
दोघंही सवडीने.

पान दोनशे बारा.
एका शब्दावर अख्खं पान :
यहूद.
कुणी म्हणतं, ‘हाद’पासून. हाद म्हणजे परतला,
सोन्याचं वासरू टाकून, चूक कळून मागे वळला.
कुणी म्हणतं, याकूबच्या मुलाचं नाव, यहूज़ा;
अरबांच्या जिभेवर येता येता ‘ज़ाल’चा नुक्ता गळाला.
(नुक्ते आमच्याकडे रोज गळतात.
डीटीपीवाला जालिंदर शपथ घेतो, मी नाही काढला.)
आणि कुणी एक,
पुस्तकातून मान वर करून बघणारा असावा,
म्हणतो : वाचताना हे लोक डुलतात, म्हणून.

मी पेन्सिल ठेवली.
समोरच्या दुसऱ्या मजल्यावर
बिन्यामीन चेऊलकर, घड्याळं दुरुस्त करायचे,
शुक्रवारच्या दिवेलागणीला
पुस्तक धरून उभे,
आणि डुलतायत.

इस्राईल : इस्रा म्हणजे बंदा, ईल म्हणजे अल्लाह.
म्हणजे अब्दुल्लाच की. माझ्या धाकट्या मामाचं नाव.
दुसरं मत : रात्रीचा प्रवास करणारा.
पुढच्या पानावर नुसतं ‘किताबवाले’,
तिथे मला एक वेलांटी सापडली, दीर्घ केलेली.

पण पान नऊ आधीच होऊन गेलं होतं.
‘ज्यांच्यावर कोप झाला’, आणि त्यापुढे
भाष्यकाराने एका शब्दात नाव लिहून टाकलंय.
मतभेद नाही, तळटीप नाही, कुणी म्हणतं नाही.
मौलानांना विचारलं.
म्हणाले, जुनी रिवायत आहे, सुरय्या.
मग चष्मा पुसत बसले बराच वेळ.
दुसरेही आहेत, म्हणाले. ते सांगतात,
हे नाव नव्हे, लक्षण आहे :
ज्याला कळतं आणि तरी जो वळत नाही, तो. कुणीही.
मग ते घालू का खाली?
हे भाष्य त्यांचं नाही, म्हणाले.

रविवारी वडिलांचं घड्याळ घेऊन वर गेले.
विषय काढला तसे चेऊलकरकाका हसले.
‘आमच्या आज्याला चौलात शनवार तेली म्हणायचे.
शनिवारी घाणा बंद, म्हणून.
त्याला कुणी व्युत्पत्ती विचारली नाही,
तेल तेवढं मागितलं.’
भिंग डोळ्याला लावलं, घड्याळाचं पोट उघडलं.
‘परतला म्हणतेस?
आमचा शिमोन अश्दोदला असतो.
लिहितो, पप्पा, आम्ही परत आलो.
मी इथून बघतो ना,
मला तर तो गेलेला दिसतो.’
घड्याळाचे पैसे घेतले नाहीत. चालतही नाहीये ते,
स्प्रिंग मिळत नाही म्हणाले आता.

प्रुफं उद्या जायची आहेत.
पान नऊच्या समासात, अगदी फिकट,
पेन्सिल टेकली माझी.
जालिंदरने विचारलं तर सांगेन,
नुक्ता आहे,
राहू दे.