चार नग, विनामूल्य

शाल-श्रीफळ नको म्हणालो, तेव्हा शेटजी हसले.
"फिर क्या चाहिए, पागेबाबू?"
तीन नंबर शेडमधल्या चार कोंबड्या, मी म्हणालो,
उद्या ज्यांची गाडी आहे त्यांतल्या कुठल्याही.
अठ्ठ्याहत्तर आठवडे त्यांचे, साठ वर्षं माझी,
एकाच तारखेला हिशेब बंद.
गेटपास मीच लिहिला, सराईत अक्षरात:
चार नग, विनामूल्य.

देवास रोडवरून लोकमान्य नगरपर्यंत
स्कूटरवर पायांशी मिक्सरचं मोठं खोकं.
खोक्यात आवाज नाही.
प्रत्येक सिग्नलला भोकातून वाकून बघितलं,
आहेत ना.

"ह्या अशा का?" वृंदानं दारातच विचारलं.
पाठी उघड्या, माना उघड्या,
तुरे सारख्या धुतलेल्या फडक्यासारखे,
चोची टोकाला कापलेल्या.
(कापायच्या यंत्राचं बिल मी पास केलं होतं.
ते तिला अजून सांगितलेलं नाही.)

मागच्या अंगणात सोडल्या, तर हलेनात.
अख्खं अंगण रिकामं
आणि त्या लेजरच्या एका पानाएवढ्या फरशीवर
एकमेकींत घुसून उभ्या.
मातीला पाय लागला की वर घ्यायच्या,
भाजल्यासारखा.
जाळीवर वाढून आत वळलेली नखं
मी नेलकटरनं कापली. पाय धरले वृंदानं,
जिच्या स्वयंपाकघरात आजवर अंडं आलं नाही,
तोंड भिंतीकडे करून.

सकाळी कचरागाडीचं गाणं वाजतं.
"गीला नहीं है, अंकल?" मुलगी विचारते.
नाही. दुधीची सालं, कोथिंबिरीच्या काड्या,
कलिंगडाचा पांढरा भाग, सगळं मागे जातं.
पहिले आठ दिवस त्यांना कळेना
की पन्हाळीत नसलेलं, पिवळं नसलेलं
हेही खाणंच.

मे महिन्यात एक दिवस
कढीलिंबाच्या बुडाशी एक आडवी पडली,
पाय झाडत, डोळे अर्धे मिटून.
मी महूच्या कॉलेजातल्या निनादला फोन लावला,
भाच्याला, तो तिसऱ्या वर्षाला आहे.
गेली रे, म्हटलं, तडफडतेय.
व्हिडिओ पाठवा म्हणाला. पाठवला.
"मामा, आंघोळ करतेय ती."
मग बाकीच्याही त्याच खड्ड्यात. धूळ एवढी
की शेजारच्या खासगीवाले काकूंनी
वाळत घातलेले पापड उचलले,
पण बोलल्या नाहीत काही.
कुणी शिकवलं होतं त्यांना?
तीनशे अंड्यांच्या आत
ते कुठे ठेवलं होतं त्यांनी?

अंडी घालतच राहिल्या. सवय.
शिंपल्यांचा चुरा घातला, तरी कवच पातळ,
बोट लावलं की खचायचं.
दसऱ्याच्या सुमारास एकीचं आतच फुटलं.
दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून बसली,
शेपटी खाली, वृंदाच्या जुन्या शालीत.
तिथे असताना अशांसाठी एक रकाना होता, "मर",
रोजचा आकडा, महिन्याची बेरीज.
डाळिंबापाशी खड्डा खणताना
हातात पेन नव्हतं, हे जाणवत राहिलं.

रात्र त्यांना माहीत होती,
बटण दाबलं की पडणारी.
संध्याकाळ माहीत नव्हती.
समोरच्यांच्या पाण्याच्या टाकीमागे सूर्य जायला लागला
की सैरावैरा व्हायच्या,
मोरीच्या दिव्याखाली गोळा व्हायच्या,
रोज एकेक उचलून खुराड्यात ठेवायला लागायची.
हाताला लागायचं ते काळीज,
पिसांखाली, शिवणयंत्रासारखं.

काल आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो.
थंडी जरा पडली आहे. उजेड हळूहळू जात होता,
कुणालाही घाई नव्हती.
पहिली उठली, मान वाकडी करून आभाळ बघितलं,
आणि चालत गेली आत.
मग दुसरी. तिसरीनं
वाटेत एक किडा टिपला.

मी आत बॅटरी मारली, मोजल्या.
"तीन नग," म्हणालो सवयीनं.
"तिघी," वृंदा म्हणाली,
आणि कडी लावली.