दोनशे सहावं

सोल्वाय म्हणते, बार्लीत फॉस्फरस असतो,
पण दातखीळ बसल्यासारखा.
डुकराला तो सुटत नाही.
जातो तसा बाहेर पडतो,
खतटाकीतून शेतात, शेतातून चरात,
आणि मग आमच्या फ्योर्डात.

मला हे ठाऊक होतं. नाव ठाऊक नव्हतं.
लहानपणी धक्क्यावर पालथे पडून
आम्ही तळाचे शिंपले मोजायचो.
आता ऑगस्टात वल्हं बुडवलं
तर वल्ह्याचं पातंही दिसत नाही.

कुठल्याशा बुरशीचं जनुक तिने यीस्टमध्ये बसवलं.
विकर झालं. गोळीपेंडीच्या गिरणीत
पंच्याऐंशी अंशांची वाफ लागली, मेलं.
तीन वर्षं पोर जेवायला बसताना सांगायची:
एकशे चौदावं गेलं.
एकशे एकोणतिसावं गेलं.
बिर्गिट बटाटे वाढता वाढता थांबायची,
घरात सुतक असल्यासारखी.

दोनशे सहावं जगलं.
साखळीतला एकच दुवा बदलला, म्हणाली,
स्वेटरचा सुटू पाहणारा टाका
ओढून घ्यावा, तसा.

टनाला मूठभर भुकटी. मी हसलो.
डुकरं हसली नाहीत, खात राहिली.
फॉस्फेटची गोणी कोपऱ्यात तशीच,
तिच्यावर मांजर व्यायलं.

सोल्वायने विष्ठेचा नमुना बाटलीत भरला,
वर तारीख घातली, खाली लिहिलं: ट्यूगे रावनकिल्डे.
सत्तराव्या वर्षी माझं नाव प्रयोगशाळेत पोचलं,
तेही असं.

पाणी कधी निवळेल, विचारलं.
तिने खांदे उडवले.

काल धक्क्यावर गेलो.
तळ दिसत नाही.
गुडघे कुरकुरले, तरी
पालथा पडून पाहिलं.