हातभर

चेहेडीच्या पुलापासून खाली, जिथं दारणा
वळणाआधी जरा आळसावते,
तिथं एक बाभूळ आहे, अर्धी पाण्यात गेलेली.
तिच्या बुंध्याशी माझा डबा, घडीची खुर्ची
आणि एलिशा साळव्यांची तीन तुकड्यांची काठी.

काठी मला वारशानं आली.
शरणपूरहून त्यांचा मुलगा घेऊन आला, चादरीत गुंडाळून.
म्हणाला, पप्पा सांगून गेले,
नोटप्रेसच्या शिंत्रेबाईंना द्या, त्यांची नजर चांगली आहे.

नजर!
एकतीस वर्षं तीच तर खर्चली तिथं.
ताव समोर यायचे, ताव जायचे.
शाई फुटली का, रेघ तुटली का,
साताचं पोट एकासारखं सपाट तर नाही ना,
की लगेच लाल खूण.
घरीही हात थांबायचा नाही.
दूधवाल्याच्या वहीतले दोन रुपये,
ह्यांनी रंगात येऊन सांगितलेल्या गोष्टीतलं चुकीचं साल,
खूण, खूण.

जेवणाच्या सुट्टीत साळवे डब्यापेक्षा मरळ जास्त वाढायचे.
गंगापूरच्या फुगवट्यात धरलेली, एकटीच, भल्या पहाटे.
मी म्हणायची, परवा दीड फूट होती,
आज दोन कशी?
ते ठसका लागेपर्यंत हसायचे.
मासा आहे बाई, नोट नाही. वाढतो.

आता माझं असं आहे:
कणकेत ओवा, चिमूटभर हिंग,
आणि त्यांचं आणखी काहीतरी, जे त्यांनी कधीच सांगितलं नाही,
म्हणून मी गूळ घालते.
गोळी वाटाण्याएवढी. गळाचं टोक आत.
मोरपिसाच्या दांड्याचा तरंडा पाण्यावर उभा राहतो,
पहिल्या दिवशी शाळेत उभ्या केलेल्या मुलासारखा.

पहिली चुळबूळ खेकड्याची. ती ओळखू येते.
दुसरी बारक्या फुकट्यांची, कडेकडेनं कुरतडून जाणाऱ्या.
मग काहीच नाही.
ह्या काहीच-नाहीसाठीच मी येते, हे घरी पटत नाही कुणाला.
देवळालीकडून सरावाच्या तोफेचा धप्प येतो,
पाण्यावर एक सुरकुती उठते, विरते.
पलीकडच्या काठाला कुणी मोटार बंद करतं
आणि द्राक्षाच्या बागेतली शांतता इकडं चालत येते.
खंड्या माझ्याच फांदीवर बसून माझाच तरंडा बघतो.
दोघांचंही लक्ष एकाच ठिकाणी.
असा सहकारी नोकरीत मिळाला नव्हता.

आज तरंड्यानं आधी मान हलवली,
मग आडवा चालत निघाला, निवांत,
मग नव्हताच.
काठी वाकली, खुर्ची पडली,
माझं वय कुठं गेलं कोण जाणे.
तंगूस पाण्याला कापत गेलं डावीकडं, उजवीकडं,
मनगटात काहीतरी जिवंत, हट्टी, माझ्याशी न बोलता भांडणारं.
एकदाच वर आली. काळी पाठ, सापासारखं डोकं,
आणि एक डोळा,
ज्यानं मला तपासलं.
पास की नापास, ते कळायच्या आत
बाभळीच्या मुळात शिरली. टुक्.

त्यानंतर हातात जे हलकेपण उरतं
त्याला आमच्या रजिस्टरात रकाना नव्हता.

वीटभट्टीवरचा भिवसन काठावर धावत आला.
आजी, गेली? केवढी होती?

मी पाहिली होती. माझी नजर चांगली आहे.
दीड वीत. फार तर बोटभर जास्त.

हातातली काठी खाली ठेवली,
दोन्ही तळवे समोर धरले,
बघितलं, आणि सावकाश
आणखी लांब केले.
एवढी, म्हटलं.
त्यानं तोंडाचा आ केला. मला इतकं बरं वाटलं
की घरी जाताना, जेल रोडच्या सिग्नलला उभी असताना,
स्कूटीचं हँडल सोडून
एकदा पुन्हा मापून बघितली.

थोडी वाढली होती.