पाच स्क्रू

व्हीएचएस कॅसेटच्या पोटाला पाच स्क्रू असतात.
चार कोपऱ्यांत चार आणि एक मध्ये,
माणसाला बेंबी असते तिथे.
हे मला कळलं एकेचाळिसाव्या वर्षी,
डुलूथमधल्या आमच्या तळघरात,
बाहेर उणे सव्वीस, सरोवरावरचा बर्फ
रात्रभर कण्हत असताना.

वडील, ओन्नी केट्टुनेन,
गोदीवर बोटींमध्ये लोहखनिज भरायचे.
ती लाल धूळ साबणाला जुमानायची नाही.
टॉवेलांना, उशीच्या अभ्र्यांना,
कॅसेटच्या कडांनाही अजून आहे.

सुरुवातीला तिघंच होते घरात:
एक ममी, एक दलदलीतला खवल्यांचा प्राणी,
आणि चंद्र उगवला की केस फुटणारा
एक सज्जन गृहस्थ.
मग भाड्यानं कॅसेट देणारी दुकानं
एकेक करून बसत गेली
आणि वडील भुतं दत्तक घेत सुटले.
दोनशे अकरा.
आई म्हणायची, या घरात जिवंत माणसं चार
आणि मेलेली अख्खी पलटण.

प्रत्येकीच्या पाठीवर त्यांचं अक्षर:
"पट्टी तिसऱ्या मिनिटाला थरथरते."
"राक्षस उत्तम. नायक बावळट."
"शेवट नाही. बरंच आहे."

गावकरी मशाली घेऊन निघाले
की ते खुर्चीतून उठायचे,
वर जाऊन कॉफी टाकायचे.
मला वाटायचं, घाबरले.
एकदाच म्हणाले, त्या लोकांचं मला बघवत नाही.
कुठल्या लोकांचं, ते मी विचारलं नाही.

मिलवॉकीहून प्रुशिन्स्की नावाचे गृहस्थ आले,
पांढरे हातमोजे घालून.
खोक्यासकट असलेल्या अठ्ठ्याण्णव उचलल्या,
रोख मोजले.
घरी टीव्हीवरून भरलेल्या नकोत, म्हणाले,
त्यांना बाजार नाही.

त्यातली सत्त्याऐंशी नंबरची
भावाच्या हातून जिन्यावर पडली.
कवच फुटलं, आतडं बाहेर.

मग एल्वी आत्याची एरोबिक्सची कॅसेट घेतली.
भाची पायपर बॅटरी धरून उभी.
बशीत स्क्रू, बशीत दोन स्प्रिंगा,
केसाएवढ्या.
एकीचं काळीज दुसरीच्या बरगड्यांत बसवताना
तिनं विचारलं, हिला दुखतं का गं?
मी म्हटलं, प्रकाश हलवू नकोस.

लागली.
आधी नुसत्या मुंग्या, मग एक आडवी जखम
पडद्यावरून हळूहळू खाली सरकत गेली,
मग पूल, धुकं, आणि तो,
लांब हातांचा, दारं कशी उघडतात
हे कुणी न शिकवलेला.

जाहिरात आली की वडील पॉझ दाबायचे.
त्यांच्या कॅसेटमध्ये साबण नाही, गाड्या नाहीत,
त्याचा त्यांना कोण अभिमान.
इथे मात्र जाहिराती सुरू झाल्या
आणि थांबल्याच नाहीत.
गालिचे. भाजलेलं डुक्कर, पौंडाला इतके सेंट.
रुंद टायवाला हवामानवाला,
आज रात्री चौदा इंच, कृपया घरीच राहा,
आणि बंद शाळांची यादी
खालून सरकत जाते, तिच्यात माझीही.

ती सकाळ मला आठवते. दार उघडेना.

म्हणजे हे सगळं चालू असताना
वडील झोपले आहेत.
पडद्यावर कुठेही नाहीत,
कॅसेटला खोलीतलं ऐकू येत नाही,
घोरणं नाही, खुर्चीची कुरकुर नाही.
फक्त कुणी बटण दाबत नाहीये.
सहा मिनिटं कुणीच बटण दाबत नाही.
मी पायपरला गप्प राहा म्हटलं,
कुणाची झोप मोडेल म्हणून, कोण जाणे.

मग टायरवाला म्हणतो, आमच्याकडे चारही टाय

आणि खट्.
जागे झाले.
पॉझ सोडायला थोडा उशीर झाला असावा,
कारण गावकरी एकदम पुलावर पोचलेले.

"मधलं कुठे गेलं?" पायपर.
मी कॉफी टाकायला वर गेले.

खाली आले तेव्हा तिनं बशी पुढे केली.
एक स्क्रू उरला होता.