चवीपुरतं

अकिताच्या डोंगरात जानेवारी म्हणजे
वरच्या खिडकीतून घरात शिरायचं.
पेंढ्याचे बूट बांधून मी निघायचे,
पाठीवर पेटी, पेटीत पाऱ्याचं यंत्र
दुपट्यात गुंडाळलेलं, बाळासारखं.
थंडीत रबर कडक होतं
आणि कडक रबर खोटं बोलतं.

सतरा घरं त्या वाडीत.
अकरा घरांत कुणी ना कुणी
एका अंगानं गेलेलं.
वारं गेलं, म्हणायचे लोक.
कुठून येतं हे वारं? मी विचारायचे.
फटी तर सगळ्या कागद चिकटवून बंद.

शेवटचं घर त्सुनेचं.
तिच्याकडे मुळ्याचं पिंप, माझ्या छातीइतकं उंच.
वर फळी, फळीवर नदीतला दगड.
मीठ मुळ्यातलं पाणी ओढून घेतं
आणि दगड खाली बसत जातो,
रोज बोटभर,
आवाज न करता.

मी म्हटलं, तुमच्या आतही असंच चाललंय.
मीठ पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्या ताणतात,
दगड बसत जातो, दुखत मात्र नाही.
ती म्हणाली, दुखत नाही
तर मग औषध कशाचं?

या प्रश्नाचं उत्तर माझ्या पुस्तकात होतं.
तिच्या चुलीपुढे ते अळणी लागलं.

तिचा नवरा कानेजिरो एक्कावन्नाव्या वर्षी गेला,
छपरावरचा बर्फ ओढताना.
फावडं हातात तसंच.
आदल्या रात्री तीन वाट्या सूप पिऊन
म्हणाला होता, आज चव आली.
उभ्या संसारात तेवढंच एक कौतुक.
मीठ कमी करायचं म्हणजे तिला
ते वाक्य पुसायचं होतं.

मला हे कुठं ठाऊक?
मी दर आठवड्याला तिची मिठाची बरणी
तराजूवर ठेवत होते,
वहीत आकडे लिहीत होते.

एकदा तिनं बरणी काढून घेतली.
आता तुमचा हात द्या, म्हणाली.
पट्टा उलटा बांधला, मी सरळ केला.
नळ्या माझ्या कानात, फुगा तिच्या मुठीत.
गाय पिळावी तसा तिनं तो पिळला.
पारा चढला, थांबला, उतरू लागला
आणि एकशे अडुसष्टवर
पहिला ठोका आला.
माझाच.

पुन्हा फुगवायला लावलं.
दहा मिनिटं गप्प बसून पुन्हा.
मग थंडीला दोष दिला, चढणीला, रबराला.
रबर त्या दिवशी खरं बोलत होतं.

दुखतंय का कुठं? तिनं विचारलं.
नाही, म्हटलं.
हं, म्हणाली, आणि चुलीत लाकूड सारलं.

सतरा घरं. प्रत्येक घरी चहा,
चहाबरोबर लोणच्याची बशी.
नको कसं म्हणायचं?
ज्याचं मीठ खावं त्यालाच मीठ सोडायला सांगावं,
वर खाल्ल्या मिठाला जागायचं,
म्हणून बशी चाटूनपुसून साफ.
सात हिवाळे मी हेच केलं होतं.

त्सुनेनं चहा ठेवला.
बशी आणली नाही.
त्या मुलखात पाहुण्यापुढे बशी नसणं
म्हणजे दार लावून घेणं.
ती समोर बसली, दोन्ही हात मांडीवर,
माझ्याकडे बघत.
मी नुसता चहा प्यायले.
एवढा मान मला कुणी दिला नव्हता.

मी गोळी सुरू केली. रोज सकाळी,
काही दुखत नसताना.

पुढच्या शरदात तिचाच निरोप आला:
मीठ किती घालू?
निम्मं.
वसंत येण्याआधी आंबेल.
मग पिंप लहान घ्या.

तिनं लहान पिंप घेतलं.
सूप दिवसातून एकदाच, वाटीही धाकटी.
दाब उतरला, थोडा. नंतर आणखी थोडा.
चव? पहिला महिनाभर कागद चावल्यासारखं, म्हणाली,
मग एक दिवस मुळ्याला मुळ्याची चव आली.

कानेजिरोच्या तसबिरीपुढे मात्र
ती अजून जुन्या हाताचंच ठेवते,
खारट, वेगळ्या बरणीतलं.
मी बघितलं, तर म्हणाली,
त्यांना आता चालतं.