अकरावा रकाना

नोल्बेर्तो, तू आणलेला विम्याचा कागद वाचला.
अकराव्या रकान्यात विचारलंय: धोक्याचं स्वरूप.
पेन उघडंच ठेवून
मी चुलीत लाकूड सारलं.

वय एकाहत्तर. होडी साडेपाच मीटर,
सायप्रसच्या लाकडाची,
म्हाताऱ्या मान्सियाने बांधलेली. त्याने पैसे मोजून घेतले
आणि वर विचारलं, "नक्की तुमच्यासाठीच ना, बाई?"

सगळ्यांना वाटतं
कारखाना विकला आणि मग मी धाडसी झाले.
काल दाल्कावेच्या धक्क्यावर सांतियागोची एक पोरगी,
पाठीवर पिशवी, गळ्यात कॅमेरा,
म्हणाली, "आजी, तुम्ही खरं जगायला आत्ता लागलात."
मी तिला दोन उकडलेले बटाटे दिले.
तिला काय सांगणार होते
ब्याऐंशी सालातल्या त्या शुक्रवारचं?

तुला आठवत असेल. तूच दारात उभा होतास,
हातातली टोपी मुरगाळत, जणू कुणी गेलंय.
पेटीत होते तेवढ्यात
चौदाजणींचा पगार भागत नव्हता,
आणि त्या चौदाजणी आत रेडिओ लावून
जाळी विणत होत्या, गाठीमागून गाठ.
मी आईचं शिलाई मशीन विकलं. मग ट्रक.
मग नवऱ्याला न विचारता त्याची गाय.
तो तीन आठवडे बोलला नाही,
आणि बोलला तेव्हा एवढंच:
"निदान भाव तरी बरा आला का?"

त्या रात्री घरी चालत येताना
गुडघे जे लटपटले
तसे नंतर कुठल्याच लाटेवर लटपटले नाहीत.
त्याला मी समुद्र म्हणते.
याला पाणी.

पाणी उधारी मागत नाही.
सहा तास येतं, सहा तास जातं.
भरती-ओहोटीचा तक्ता मी त्याच खिळ्याला टांगलाय
जिथे देणेकऱ्यांची यादी असायची.
खिळा अजून पक्का आहे.

पण एक कबूल करते.
पहिल्या दिवशी खाडीच्या मध्यावर वल्ही थांबवली
आणि पुढे काय, ते सुचेना.
पलीकडे कुणी गिऱ्हाईक नाही, माल नाही,
उशीर झाला तरी कुणाचं काही अडणार नाही.
मग मी चक्क मोजत बसले
किती होड्यांवर आपली जाळी आहे ते.
नऊ. त्यातली दोन फाटकी.
घरी येऊन दुरुस्तीचा खर्च मांडला, व्याजासकट,
आणि कागद चुलीत घातला.

मंगळवारी धुकं उतरलं.
ओहोटीने होडी ओढत नेली, कुठे ते कळेना,
आणि खरं सांगते, घाबरले.
मग तळाला वाळू लागली.
एक माणूस गुडघाभर चिखलात शिंपले उकरत होता.
त्याने मान वर करून विचारलं,
"काय विकायला आणलंत?"
मी म्हणाले, काही नाही.
आयुष्यात पहिल्यांदा हे उत्तर दिलं, नोल्बेर्तो,
जीभ अडखळली.
तो म्हणाला, "मग बसा, चहा होतोय."

त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.
चहात धूर उतरला होता. दोन कप प्यायले.

तर रकाना. मी त्यात लिहिलंय: धुकं.
तुला आवडलं नाही तर खोड.
विमा होडीचा काढ, माझा राहू दे,
माझी किंमत कशी लावायची
ते तुझ्या खातेवह्यांत कधीच नव्हतं.

आणि तीस वर्षं तू काठावरून
"जपून, दोन्या एदुविहिस, जपून" म्हणत आलास,
ते तुझ्याच पगारासाठी होतं
हेही मला माहीत होतं. राग नाही.

शनिवारी ये. उंच बूट घाल.
तुझी जागा पुढच्या फळीवर, तिथे सगळं भिजतं,
तेव्हा चष्मा घरी ठेव.
निघायचं सव्वासहाला. साडेसहाला नाही.
भरती तुझ्यासारखीच आहे,
कुणासाठी थांबत नाही, आणि कारणही सांगत नाही.